तुरीचं खोड चिरून पाहा

बदनापूरच्या शिवारात तूर ऐन फुलोऱ्यात आली की ओळीतलं मधलंच एखादं झाड माना टाकताना दिसतं. शेजारची झाडं हिरवीगार, बोटभर उकरलं तर मातीत ओल, आणि हे एकटंच सुकत चाललेलं. "वावरात वल हाये, मंग हे वाळतंय कामून?" बांधावर हा प्रश्न हमखास ऐकू येतो. त्याचं उत्तर झाडाच्या खोडात आहे, आणि ते पाहायला एक विळा पुरतो.

असं झाड उपटून बुंध्यापाशी उभं चिरलं की सालीखाली तपकिरी-काळ्या रेघा वर चढत गेलेल्या दिसतात. कधी रेघ एकाच अंगाला असते, आणि मग त्याच अंगाच्या फांद्या आधी वाळतात. निरोगी खोड आतून पांढरट निघतं. त्याची एक फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवली आणि काही वेळाने आडवी कापली, तर कापावर लाल ठिपक्यांचं कडं उमटतं. ब्लेडने पातळ चकती काढून शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली की त्या ठिपक्यांच्या जागी जाड काठाची गोल भोकं दिसतात. या जलवाहिन्या.

मला यांचं सगळ्यात नवल वाटतं. जलवाहिनीची पेशी जिवंत असते तेव्हा आपल्या भिंतीवर लिग्निनचे कडक थर चढवते, वरच्या-खालच्या टोकाची भिंत विरघळवते आणि शेवटी स्वतःच्या पोटातलं सगळं संपवून मरते. तिचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. अशा मेलेल्या पेशी एकावर एक लागून मुळापासून पानापर्यंत मोकळी नळी तयार होते. पानांतून बाष्प उडतं, तसं पाणी वर ओढलं जातं. त्या ओढीने मऊ भिंत आत चेपली असती. लिग्निनमुळे ती तग धरते.

पण मोकळी वाट शत्रूलाही मोकळीच. फ्युजॅरियम उडम ही बुरशी मुळांतून शिरते आणि याच नळ्यांतून वर चढते. शास्त्रज्ञ बटलर यांनी 1910 मध्ये तिचं वर्णन केलं. तिला अडवायला शेजारच्या जिवंत पेशी नळीत डिंकासारखा पदार्थ सोडतात. बुरशीने आणि या डिंकाने मिळून नळी तुंबते, आणि ओल असलेल्या रानात झाड तहानेने मरतं. हाच मर रोग. म्हणून मर लागलेल्या तुरीला पाणी देऊन काही साधत नाही.

मुळाकडचं काम तितकंच बारीक. झाड उपटताना मूलरोम तुटून मातीतच राहतात; ते पाहायचे तर तुरीचे दाणे ओल्या फडक्यात मोड आणून पाहावेत. कोवळ्या मुळावरची पांढरी लव म्हणजे मूलरोम, आणि त्यातला एकेक केस म्हणजे मुळाच्या सालीतल्या एकाच पेशीचा लांबवलेला हात. पाणी शोषायला जास्त पृष्ठभाग मिळावा म्हणून तो असा वाढतो. रायझोबियम जिवाणूही याच केसातून आत येतात. केस त्यांच्याभोवती वळतो, आत एक धागा तयार होतो आणि पुढे मुळावर गाठ येते. ताजी गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी निघते. लेगहिमोग्लोबिनचा तो रंग, गाठ नत्र बांधायच्या कामाला लागल्याची खूण.

पानावर रक्षक पेशींच्या जोड्या असतात. त्या पाण्याने फुगल्या की मधलं रंध्र उघडतं, सैल पडल्या की मिटतं. खालून पाणी येईना झालं की आधी हीच दारं बंद होतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येणं थांबतं आणि शेंगा भरण्याआधीच झाडाची साखर आटते.

बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं. बीडीएन 711, बीडीएन 716 आणि गोदावरी हे तुरीचे वाण इथलेच. मरेला तोंड देण्याची ताकद हा तुरीचा वाण निवडताना पाहायचा मोठा गुण, कारण ही बुरशी रोगट झाडांच्या अवशेषांवर जमिनीत दोन-तीन वर्षं टिकते. तेव्हा मर लागलेली झाडं रानात पडू देऊ नका, त्या वावरात पुढच्या हंगामांत ज्वारी घ्या, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा. आणि दुकानातून औषध आणण्याआधी एक झाड उपटून खोड चिरून पाहा.