स्तंभावर नसलेली नावं

पहाटे साडेपाचला सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या डांबरी रस्त्यावर उभे राहा. अंधारातून आधी बुटांचा आवाज येतो, मग धापा टाकणारी पोरं दिसतात. भरतीची तयारी चाललेली असते, सोळाशे मीटरची. तुमच्या वर्गातलाही एखादा त्यात असेल. पहिल्या लेक्चरला डुलक्या काढतो ना, तोच!

तो भरती झाला की गावात फ्लेक्स लागेल, स्टेटसवर फोटो फिरतील. पण तो गेल्यावर त्याच्या घरात काय बदलेल, हा प्रश्न तुम्ही कधी विचारलाय? मीही विचारला नव्हता. आमच्या घरात पणजोबांचा गणवेशातला फोटो आहे. ते दुसऱ्या महायुद्धात होते, एवढं सगळ्यांना पाठ. पणजीचा फोटो नाही. गेल्या दिवाळीत मी आजीला विचारलं, तेव्हा कळलं की मला पणजीचं नावसुद्धा माहीत नव्हतं.

म्हणून आज गोष्ट सांगायचीय ती मागे राहिलेल्यांची.

सुरुवात अपशिंग्यापासून करू. साताऱ्याजवळच्या या गावाला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. घरटी एक तरी माणूस फौजेत, ही इथली रीत. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले. ब्रिटिशांनी त्यांच्या आठवणीसाठी गावात स्तंभ उभारला, तो आजही आहे.

तेव्हा शिपायाचा पगार होता महिना ११ रुपये. मराठा पलटणी मुख्यतः लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावाला तुर्कांनी वेढा घातला आणि १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी आत अडकल्या. जवळपास पाच महिने. धान्य संपत आलं, घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. धर्मात बसत नाही म्हणून कित्येक भारतीय शिपाई बरेच दिवस ते मांस खायला तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि हजारो सैनिक कैदेत गेले. त्यातले बरेच परतलेच नाहीत.

आता इकडे या. १९१८ साली पावसाने दगा दिला, धान्य महाग झालं आणि त्याच पावसाळ्यात इन्फ्लुएंझा आला. आपण त्या वेळी मुंबई इलाख्यात होतो. या इलाख्यात काही महिन्यांत दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. म्हणजे जिवंत परत येणाऱ्या शिपायाला घर जसंच्या तसं सापडेल, याची खात्री नव्हती. लढाई तिकडे होती, पण माणसं इथेही मरत होती. त्यांच्यासाठी कुणी स्तंभ उभारला नाही.

सगळीकडे असंच झालं का? ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. तेव्हा त्यांची लोकसंख्या पन्नास लाखही नव्हती. त्यातले चार लाखांवर लोक सैन्यात गेले आणि साठ हजार मेले. आज तिथे लहान लहान गावांतही नावं कोरलेली स्मारकं आहेत आणि २५ एप्रिलला पहाटे लोक तिथे जमतात. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. सैनिकांसाठी मोजे विणणाऱ्या बायका, सक्तीची भरती हवी की नको यावर दोनदा झालेलं मतदान, त्यावरून घराघरांत झालेली भांडणं, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. घर हासुद्धा युद्धाचा भाग आहे, हे त्यांनी मान्य केलं. भारतातून तर दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली होती. त्यांच्या घरांचं काय झालं, हे आपण किती लिहिलं?

दुसऱ्या महायुद्धात आपल्या भागाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली. एकीकडे इथली पोरं मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढत होती. दुसरीकडे त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मातीत इंग्रजांची सत्ता उलथवत होतं. (सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, प्रतिसरकारचा बराचसा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडायचा.) नाना पाटलांची मुलगी हौसाताई पाटील या भूमिगत चळवळीत होत्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक झालं. 'नवरा' हौसाताईंना मारतोय म्हणून पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी चौकीतली हत्यारं पळवली. मार मात्र खोटा नव्हता, खराच खावा लागला! हौसाताई २०२१ मध्ये गेल्या. शेवटच्या काही वर्षांत लोकांनी जाऊन विचारलं, म्हणून ही गोष्ट आपल्यापर्यंत आली.

माझ्या पणजीला कुणी विचारलं नाही. आजीने सांगितलं ते एवढंच: मनीऑर्डर यायची, कधी कधी पत्र यायचं. पणजीला वाचता येत नव्हतं. पत्र शाळेतले मास्तर वाचायचे आणि उत्तरही तेच लिहायचे. "मग ती काय सांगायची लिहायला?" मी विचारलं. आजी म्हणाली, "मास्तरासमोर काय सांगणार गं? 'पोरं बरी हायती, काळजी करू नका.' झालं." सासू आजारी, बैल मेलेला, कर्ज वाढलेलं. पत्रात मात्र चार वर्षं सगळं बरं होतं.

हे जुनं झालं, असं वाटतंय? मग हे ऐका. शौर्यपुरस्काराबरोबर मासिक भत्ता मिळतो आणि जवान गेल्यावर तो पत्नीला मिळतो. तिने पुन्हा लग्न केलं तर भत्ता चालू राहण्यासाठी एक अट होती: लग्न दिवंगत नवऱ्याच्या भावाशीच व्हायला हवं. ही अट निघाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. तुम्ही तेव्हा शाळेत होता!

त्याच वर्षी, दोन महिने आधी, साताऱ्याच्या स्वाती महाडिक लेफ्टनंट झाल्या. त्यांचे पती कर्नल संतोष महाडिक साताऱ्याच्या सैनिक स्कूलचे विद्यार्थी. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आलं. स्वातीताईंना दोन लहान मुलं होती आणि भरतीचं वय उलटून गेलं होतं. वयाची सवलत मिळवून त्यांनी परीक्षा दिली आणि चेन्नईच्या अकादमीत प्रशिक्षण पूर्ण केलं. आता तर एनडीएतही मुली आहेत. २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली. पहाटेच्या त्या रस्त्यावर मुलीही पळताना दिसतात, ते उगीच नाही.

पण प्रत्येकीने स्वाती महाडिक व्हावं, अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. बहुतेक जणी शेत बघतात, पोरांच्या फिया भरतात, सासऱ्यांना दवाखान्यात नेतात आणि रात्री व्हिडिओ कॉलवर सांगतात, "सगळं बरं आहे." मास्तर गेले, मोबाइल आला. वाक्य तेच राहिलं. अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतात. बाकीचे घरी येतील, तेव्हा त्यांना पुन्हा उभं करायचं कामही बहुतेक याच घरांतल्या बायकांवर येणार आहे.

तेव्हा एक काम करा. घरात, भावकीत, शेजारी कुणी फौजी असेल, तर या रविवारी त्यांच्या घरी जा. त्यांच्याकडून लढाईची गोष्ट ऐकाच. पण मग स्वयंपाकघरात जा आणि तिथे जी कुणी असेल तिला विचारा, "तुम्ही ते दिवस कसे काढले?" फोनवर रेकॉर्ड करा. आणि सगळ्यात आधी तिचं पूर्ण नाव विचारून घ्या. मी पणजीचं वहीत लिहून ठेवलंय.