मोटारीच्या रंगलेपाची यांत्रिक झिलई

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगराळ प्रदेशात उगम पावते व कर्जत, बदलापूर, कल्याण या मार्गाने खाडीस मिळते. २६ जुलै २००५ रोजी, आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली त्या वेळी, या नदीच्या पुराने हा परिसर जलमय झाला. पूर ओसरल्यावर मोटारींवर राहिलेला गाळ कोरड्या फडक्याने पुसला की रंगावर बारीक चऱ्यांचे जाळे उमटते. पूर न येताही अंबरनाथ-उल्हासनगरच्या रस्त्यांवरील धूळ तेच कार्य सावकाश करीत असते. अशी गाडी गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’साठी जाते आणि चकाकत परत येते, परंतु पुष्कळदा दोन-चार वेळा धुतल्यावर जुने चरे पुन्हा दिसू लागतात. खरी झिलई कोणती, भासमान कोणती आणि खऱ्या झिलईचे मोल कशात द्यावे लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आधुनिक मोटारीचा रंग एकजिनसी नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंगद्रव्याचा थर व सर्वांत वर पारदर्शक राळेचा लेप अशी त्याची रचना असते. कारखान्यात दिलेल्या या सर्व थरांची एकूण जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रोमीटर असते. त्यांपैकी पारदर्शक लेप अवघा ४० ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे मनुष्याच्या केसाहून पातळ असतो. झिलईची सर्व क्रिया या लेपावरच होते. दख्खनच्या बेसाल्ट पाषाणातील फेल्डस्पार व पायरोक्सिन या खनिजांची कठिनता मोसच्या श्रेणीत ६ च्या आसपास, तर त्याच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या क्वार्ट्‌झची ७ आहे. त्यांच्या कणांपुढे सेंद्रिय राळेचा मृदू लेप टिकाव धरीत नाही, यात नवल नाही.

झिलई म्हणजे चरे नाहीसे करणे नव्हे, तर ते दिसेनासे होतील इतके सूक्ष्म करणे, हे तत्त्व न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या संदर्भात मांडले होते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर आहे. लॉर्ड रॅले यांच्या निकषानुसार, लंब दिशेने पडणाऱ्या प्रकाशासाठी पृष्ठभागावरील उंचसखलपणा तरंगलांबीच्या अष्टमांशाहून कमी असेल तर तो पृष्ठभाग गुळगुळीत मानता येतो. हिरव्या प्रकाशासाठी ही मर्यादा सुमारे ०.०७ मायक्रोमीटर येते. पी-२००० क्रमांकाच्या पॉलिशपेपरचे कण सरासरी १० मायक्रोमीटरचे असतात. त्यांनी पाडलेले चरे व ही मर्यादा यांतील अंतर एका उडीत नव्हे, तर क्रमाक्रमाने अधिक बारीक अपघर्षक वापरूनच तोडावे लागते.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. त्यावरून चरे वर्तुळाकार आहेत असा समज होतो. तो बरोबर नाही. चरे सर्व दिशांनी पडलेले असतात. परंतु प्रतिबिंबाभोवती कल्पिलेल्या वर्तुळाला जे स्पर्शरेषेसारखे असतात, तेच प्रकाश डोळ्याकडे परावर्तित करतात. म्हणूनच दिवा सरकविला की जाळेही त्याच्याबरोबर सरकते. याउलट, एका स्थिर अक्षाभोवती फिरणाऱ्या यंत्राने पडलेले चरे खरोखरच एकदिश व समांतर असतात, आणि पाहणारा हलला की त्यांचा प्रकाशपट्टा पृष्ठभागावर सरकताना दिसतो. स्वैर-कक्षीय यंत्रात गादी फिरते व त्याच वेळी केंद्राबाहेरील छोट्या कक्षेतही हलते. त्यामुळे कणांचा मार्ग सतत बदलतो व असा पट्टा सहसा उमटत नाही. स्थिर अक्षाचे यंत्र झपाट्याने कापते. परंतु एकाच जागी अधिक उष्णता निर्माण करून राळ मऊ करण्याचा धोकाही त्यातच अधिक असतो. पत्र्याच्या कडांवर दाब एकवटतो आणि प्लॅस्टिकच्या बंपरमधून उष्णता लवकर वाहून जात नाही. म्हणून या दोन ठिकाणी विशेष जपावे लागते.

तथापि यंत्राच्या निवडीपेक्षा स्वच्छतेचे महत्त्व अधिक आहे. धूळ भरपूर पाण्याने प्रथम सैल करून वाहवून द्यावी. रेल्वेमार्गालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर रूळ व ब्रेक यांच्या झिजेतून उडणारे लोहकण रुतून बसतात. ते साध्या धुण्याने निघत नाहीत. त्यांसाठी खास मातीसारखा गोळा ओलसर पृष्ठभागावरून फिरवावा लागतो. असा एक कण गादीखाली राहिला तरी तो नवे चरे पाडतो. वाळलेले कंपाउंड व खरवडलेली राळ गादीत साठून त्यांच्या गुठळ्या होतात. म्हणून प्रत्येक भागानंतर गादी ब्रशने झाडावी. भरड कंपाउंडाची गादी बारीक कामास वापरू नये. काम सावलीत करावे. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड अकाली सुकते. शेवटचे फेरे हलक्या दाबाने द्यावेत.

झिलई खरी आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. राळेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असून कंपाउंडातील तेले व मेण यांचा अपवर्तनांक त्याच्या जवळपास असतो. ती चऱ्यांत भरली की प्रकाशाचे विकिरण घटते व चरे लपतात. धुण्याने ती निघून गेली की चरे पुन्हा प्रकट होतात. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पाण्यातील सौम्य द्रावणाने पृष्ठभाग पुसून मगच तो एकाच तीव्र दिव्याखाली तपासावा.

या सर्व खटाटोपाचे मोल पारदर्शक लेपाच्या जाडीत मोजावे लागते. ३ मायक्रोमीटर खोल चरा समूळ काढावयाचा तर सभोवतालचा सर्व पृष्ठभाग तितकाच खाली आणावा लागतो. ४५ मायक्रोमीटरच्या लेपातून असे किती वेळा काढता येईल, याचा हिशेब उघड आहे. लेपातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये लेपाच्या जाडीच्या प्रमाणातच संरक्षण देतात. लेप पातळ झाला की खालच्या रंगापर्यंत अधिक किरण पोहोचतात. जाडीमापक उपकरण सामान्यतः सर्व थरांची एकत्रित जाडी दाखविते, पारदर्शक लेपाची वेगळी नव्हे. म्हणून त्याच्या आकड्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. यासाठी सर्वांत सौम्य कंपाउंडाने एका लहान जागी प्रयोग करून पाहावा व तेवढ्याने भागत असेल तर तेथेच थांबावे. नखाला अडकणारा खोल चरा बहुधा तसाच राहू देणे हिताचे असते. एकदा झिजलेला लेप कोणत्याही झिलईने परत येत नाही. त्यासाठी गाडी पुन्हा रंगवावीच लागते.