बसलं म्हणजे जुळलं नव्हे!

मैत्रिणींनो, कुकरची रिंग आणायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "ताई, कुकर कुठल्या कंपनीचा?" पाच लिटर एवढं सांगून भागत नाही. दुसऱ्या कंपनीची रिंग झाकणात बसते, पण वाफ धरत नाही. स्वयंपाकघरातलं हे शहाणपण मी कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र विसरले. आणि फसले, तेही गटाच्या पैशात!

सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा धंदा मोठा. आमचा बचत गटही गणवेशच शिवतो. मापं, ऑर्डरी, हिशेब सगळं एका जुन्या कॉम्प्युटरवर. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. भाचा म्हणाला, "मावशी, अख्खा डबा कशाला बदलता? नुसता प्रोसेसर बदलू. सॉकेट तर एकच आहे, एलजीए ११५१." मला पटलं. गटाचे साडेतीन हजार मोजून आठव्या पिढीचा जुना प्रोसेसर आणला.

बसला की छान! बटण दाबलं, पंखा फिरला, पण स्क्रीन काळी ती काळीच. पुन्हा जुना प्रोसेसर लावला तर कॉम्प्युटर सुरू. म्हणजे बिघाड कशात? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. महिन्याला दोनशे रुपये टाकणाऱ्या बायकांना काय सांगू?

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्या दादांनी उलगडून सांगितलं. २०१५ च्या सहाव्या पिढीचं आणि २०१७ च्या आठव्या पिढीचं सॉकेट दिसायला सारखं, पिनाही ११५१ च. पण आठव्या पिढीसाठी इंटेलने काही पिनांची कामं बदलली. तिला ३०० मालिकेच्या चिपसेटचा मदरबोर्ड लागतो. आमचा एच ११०. तो सहावी आणि सातवी पिढीच ओळखतो.

आपल्यापैकी कितीतरी जणींनी एमएस-सीआयटी केलंय. कॉम्प्युटर चालवायला शिकलो, पण डबा उघडायची वेळ आली की "तुम्हाला काय कळणार" ऐकून बाजूला होतो. तसं होऊ नका. पैसे देण्याआधी एवढं बघाच :

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत 'एमएसइन्फो३२' असं इंग्रजीत, जागा न सोडता लिहा. प्रोसेसरचं नाव, 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर मदरबोर्डचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसेल. तिन्ही वहीत उतरवा.

मदरबोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलला चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. घ्यायचा प्रोसेसर पूर्ण नावानिशी त्यात शोधा. नसेल तर घेऊ नका, सॉकेट जुळलं तरी! यादीत नावापुढे बायोसची आवृत्तीही असते. आपली त्याहून जुनी असेल, तर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करून घ्या.

मदरबोर्डच बदलायचा झाला तर रॅमही बघा. डीडीआर ३ ची रॅम डीडीआर ४ च्या खाचेत बसतच नाही. आणि काहीही उघडण्याआधी हिशेबाच्या फायली पेनड्राइव्हवर घ्या.

गटाच्या बैठकीत मी सगळं खरं सांगून टाकलं. क्षणभर कुणी बोलेना. मग आमच्यातली एक अक्का म्हणाली, "चुकलं तर चुकलं. आता पुढं काय करायचं ते सांगा की!" जुना एच ३१० मदरबोर्ड मिळाला. आमची रॅम डीडीआर ४ ची, ती तशीच चालली. प्रोसेसरही वाया गेला नाही, विंडोज ११ ही चढली. मदरबोर्डचे पैसे मात्र मी घरखर्चातून घातले.

यावेळी मॉडेल नंबर मी स्वतः लिहून नेला होता आणि दुकानात उभं राहून यादीशी ताडून बघितला. दुकानदार थांबला. थांबू दे की! कुकरच्या रिंगसाठी थांबतोच ना?