लघवीचे दुखणे आणि खाण्याची पारख

डोके दुखले, तर माणूस डोक्याला फडके बांधून ओसरीवर बसतो. आल्यागेल्याला सांगतो. पण लघवीचे दुखणे कोणी बोलून दाखवत नाही. त्याची लाज वाटते. बायाबापड्या तर ते वर्षानुवर्षे अंगावर काढतात. नवऱ्याला सांगत नाहीत, सासूला सांगत नाहीत. म्हणून या पाठात त्या दुखण्याविषयी उघडपणे बोलू या. शरीराच्या गोष्टीत लाज कसली?

लघवीची पिशवी

आपण खातो-पितो त्याचा रस रक्तात मिसळतो. पाठीत, कण्याच्या दोन बाजूंना, दोन मूत्रपिंडे आहेत. ती रक्त गाळतात. जास्तीचे पाणी आणि नको असलेले क्षार वेगळे काढतात. तीच लघवी. ती दोन बारीक नळ्यांतून ओटीपोटातल्या पिशवीत उतरते. या पिशवीला मूत्राशय म्हणतात. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर, म्हणजे दोन पेले लघवी मावते. निरोगी माणूस दिवसरात्र मिळून सहा ते आठ वेळा लघवीला जातो.

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. कल्हई गेली, की त्यात ठेवलेले ताक कळकते. मूत्राशयालाही आतून एक बुळबुळीत अस्तर असते. लघवीतले क्षार आतल्या कातडीला लागू नयेत, म्हणून ते असते. काही माणसांचे हे अस्तर कमकुवत होते. मग क्षार आत झिरपतात आणि आतल्या मज्जातंतूंना झोंबतात, असे डॉक्टर मानतात.

अशा माणसाची पिशवी भरू लागली, की ओटीपोटात कळ येते. लघवी केली, की थोडा वेळ बरे वाटते. पुन्हा भरली, की पुन्हा कळ. रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागते. झोप होत नाही. शेतावर गेलेली बाई आडोसा शोधून शोधून हैराण होते. तिला बाजार नको वाटतो, एसटीचा प्रवास नको वाटतो. हे दुखणे पुरुषांनाही होते, पण बायकांना अधिक. १९१५ साली अमेरिकेतील गाय हनर नावाच्या डॉक्टरांनी अशा रुग्ण स्त्रियांच्या मूत्राशयातील एका विशेष प्रकारच्या व्रणांविषयी लिहिले. आज ठाऊक आहे, की बहुतेक रुग्णांना असे व्रण नसतात, तरीही दुखते. म्हणून ‘काही दिसत नाही, म्हणजे ढोंग आहे’ असे कोणी म्हणू नये.

आधी दवाखाना

लघवी दुखली, की आपण म्हणतो, ‘उष्णता झाली, उन्हाळी लागली.’ पण लघवी दुखण्याची कारणे पुष्कळ आहेत. जंतू शिरले, तरी दुखते. मुतखडा झाला, तरी दुखते. मधुमेहात लघवी वारंवार होते. क्वचित क्षयही मूत्राशयापर्यंत पोचतो. या सगळ्यांवर वेगवेगळे औषध आहे. खाणे बदलून ते रोग जात नाहीत.

म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लघवी तपासून घ्या. लघवीतून रक्त गेले, ताप आला, कंबरेतून जोराची कळ आली किंवा लघवी अडली, तर एक दिवसही थांबू नका. तपासणीत जंतू नाहीत, खडा नाही, दुसरे काही नाही, आणि दुखणे सहा आठवड्यांहून अधिक चालले आहे, असे ठरले, म्हणजे मग खाण्याची पारख करावी. तीही डॉक्टरांच्या कानावर घालूनच.

संशयित कोण?

या दुखण्याच्या पुष्कळ रोग्यांचा अनुभव आहे, की काही पदार्थ खाल्ले, की कळ वाढते. नेहमी नावे येतात ती अशी: चहा, कॉफी, दारू, बाटलीतील फसफसणारी पेये, लिंबू, संत्रे, मोसंबी, अननस, टोमॅटो, तिखट मिरची, शिरक्यात घातलेले पदार्थ. आपल्या जेवणातील चिंच, आमसूल, लोणचे आणि आंबट ताक हेही त्यांच्याच भाऊबंदांतले. साखरेऐवजी वापरतात त्या गोड गोळ्याही संशयित आहेत.

येथे एक गंमत पाहा. उन्हाळी लागली, की घरची माणसे प्रेमाने लिंबाचे नाहीतर कोकमाचे सरबत करून देतात. पण या दुखण्यात तेच सरबत कळ वाढवू शकते. माया खरी असली, तरी उपाय खरा असेलच असे नाही.

पण सगळे पदार्थ सगळ्यांना बाधत नाहीत. एकीला टोमॅटो बाधतो, चहा चालतो. दुसरीला चहा बाधतो, टोमॅटो चालतो. काहींना तर काहीच बाधत नाही. मग आपल्याला काय बाधते, हे कसे ओळखायचे?

चोर पकडण्याची रीत

समजा, गोठ्यात पाच जनावरे आहेत. त्यांतले एक रोज उभ्या पिकात शिरते. कोणते ते कळत नाही. तुम्ही काय कराल? पाचही बांधून ठेवाल. मग एकेक सोडून पाहाल. खाण्याचेही तसेच आहे.

पहिली पायरी, बांधून ठेवणे. वर सांगितलेले सगळे संशयित पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करा. चहा मात्र एकदम तोडू नका. आठवडाभरात हळूहळू कमी करत आणा, नाहीतर डोके दुखते. या दिवसांत उपाशी राहायचे नाही. भाकरी, चपाती, भात, मुगाचे साधे वरण, दुधी, लाल भोपळा, बटाटा, दूध, अंडी, ज्यांना चालते त्यांनी कोंबडी, असे पोटभर जेवावे. मीठ, हळद, जिरे चालेल.

पाणी तोडू नका. लघवीला जावे लागते म्हणून पुष्कळ बाया पाणीच कमी पितात. त्याने लघवी दाट होते आणि अधिकच झोंबते. दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे.

दुसरी पायरी, एकेक सोडणे. दुखणे कमी झाले, तर एकच पदार्थ पुन्हा सुरू करा. समजा, टोमॅटो. पहिल्या दिवशी एक फोड, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक अख्खा. तीन दिवस त्रास झाला नाही, तर टोमॅटो निर्दोष. कळ आली, तर तो लगेच थांबवा. दुखणे निवेपर्यंत थांबा आणि मग दुसरा पदार्थ घ्या. दोन पदार्थ एकदम सुरू केले, तर चोर कोणता ते कळणार नाही. पाळीच्या दिवसांत बऱ्याच बायकांचे हे दुखणे आपसूक वाढते. त्या दिवसांत नवा पदार्थ सुरू करू नये.

बिडी-तंबाखूची मात्र पारख करीत बसू नका. ती सोडाच. बिडीचा धूर मूत्राशयाच्या कर्करोगाचेही एक कारण आहे.

वही ठेवा

आता तुम्हांला लिहिता येते. त्याचा येथे मोठा उपयोग आहे. एका वहीत रोज चार गोष्टी लिहा: तारीख, काय खाल्ले, किती वेळा लघवी झाली, दुखणे किती. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. शाळेत जास्त गुण चांगले. येथे कमी गुण चांगले. उदाहरणार्थ:

सोमवार. भाकरी, दुधी, दूध. लघवी ९ वेळा. दुखणे ३.
मंगळवार. तेच, आणि टोमॅटोची एक फोड. लघवी ९ वेळा. दुखणे ३.
बुधवार. तेच, आणि अर्धा टोमॅटो. लघवी १४ वेळा. दुखणे ७.

हे वाचल्यावर निराळे सांगायला नको. तरी काही दिवसांनी तोच पदार्थ पुन्हा एकदा पारखून पाहावा. एकाच साक्षीवर कोणाला दोषी ठरवू नये.

शेवटचे दोन शब्द

चार आठवडे पथ्य पाळूनही काही फरक पडला नाही, तर दोष जेवणाचा नाही. मग नेहमीचे जेवण सुरू करा आणि डॉक्टरांकडे परत जा. या दुखण्यावर इतरही उपचार आहेत. पथ्य म्हणून उगाच सगळे सोडून बसलात, तर अंगात ताकद राहणार नाही. गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया, मुले आणि मधुमेहाचे रोगी यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ही रीत करूच नये.

या पारखीचा हेतू पदार्थ सोडण्याचा नाही. सोडायचे ते एक-दोनच, आणि बाकीचे निर्धास्त खायचे. घरात एखादी बाई रात्री वारंवार उठत असेल, तर तिला आपणहून विचारा. तिला लिहिता येत नसेल, तर तिची वही तुम्ही लिहा.