संगणकावरील आकड्यांचे कोडे आणि उतारवयातील स्मरणशक्ती

'डॉक्टर, बाबा रोज तीन-चार तास संगणकावर सुडोकू सोडवतात. आता त्यांना विसरण्याच्या आजाराची भीती नाही ना?' मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडच्या घरांतून हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. मुलगा-सून सकाळच्या लोकलने कामाला जातात, नातवंडे शाळेत आणि क्लासला. दिवसभर घरात उरतात ते निवृत्त आजोबा. संगणक सुरू केला की दुपार कशी सरते ते कळत नाही. 'चला, डोके तरी चालते राहते,' म्हणून घरचेही निश्चिंत असतात. ही निश्चिंती कितपत खरी, ते पाहू.

खेळ काय आहे?

सुडोकूत ८१ घरे असतात. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावे लागतात. यात बेरीज-वजाबाकी नाही, फक्त तर्क आहे. अमेरिकेतील हॉवर्ड गार्न्स या वास्तुविशारदाने १९७९ मध्ये हे कोडे रचले, त्याचे आजचे नाव जपानमध्ये पडले आणि २००४ साली लंडनच्या 'टाइम्स'ने ते छापू लागल्यावर जगभरच्या वृत्तपत्रांत ते पसरले. संगणकावर तर कोडी कधी संपतच नाहीत. एक सुटले की दुसरे हजर!

मेंदूला फायदा किती?

'या घरात ४ बसेल की ७?' हे ठरवताना लक्ष एकाग्र करावे लागते आणि दोन-तीन शक्यता एकाच वेळी मनात धराव्या लागतात. सरावाने यात वेग येतो. पण हा वेग बहुतांशी त्या खेळापुरता असतो. पेटीचा रियाज केला म्हणून तबला येत नाही, तसेच हे आहे.

२०१० साली इंग्लंडमध्ये ११ हजारांहून अधिक लोकांना सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम देण्यात आले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत लोक तरबेज झाले, पण इतर बौद्धिक चाचण्यांत त्याचा विशेष उपयोग दिसला नाही. उलट २०१९ मध्ये तिथल्याच एका पाहणीत, आकड्यांची कोडी नियमित सोडवणारे पन्नाशीपुढचे लोक बौद्धिक चाचण्यांत सरस आढळले. मात्र कोड्यांमुळे बुद्धी तल्लख राहिली, की मुळात तल्लख असलेले लोकच कोड्यांकडे वळतात, हे अशा पाहणीतून ठरत नाही. म्हणून कोडे हा चांगला विरंगुळा आहे, पण औषध नाही.

खरी मेख कानात

आजोबा पूर्वी संध्याकाळी मित्रमंडळींत कट्ट्यावर बसत. ते केव्हा बंद झाले, हे घरच्यांनी आठवून पाहावे. पुष्कळदा कारण साधे असते. त्यांना ऐकू कमी येते. चारचौघांत बोलणे समजत नाही, पुन्हापुन्हा 'काय म्हणालात?' विचारायची लाज वाटते आणि माणूस हळूहळू एका कोपऱ्यात जातो. संगणकावरच्या कोड्याला कान लागत नाहीत, म्हणून ते जवळचे वाटू लागते.

इथे सावध व्हायला हवे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्यासारख्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत बहिरेपणा आणि एकटेपणा आहे. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल, न सुधारलेली दृष्टी आणि शारीरिक हालचालीचा अभावही आहे. तेव्हा कोडी सोडवून जे साधायचे आहे, त्यासाठी आधी कान तपासून घेणे शहाणपणाचे. कधी नुसता मळ साचलेला असतो. तो घरी काडीने कोरू नये. श्रवणयंत्र लागले तर चष्म्यासारखेच वापरावे. घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर अशा महापालिका रुग्णालयांतही कान-नाक-घसा विभाग आहेत.

डोळे, मान आणि पाय

पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते. त्यामुळे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दोन भिंगांचा चष्मा असणारे खालच्या भिंगातून पाहण्यासाठी हनुवटी वर करतात आणि संध्याकाळी मान धरल्याची तक्रार करतात. तासन् तास पाय लोंबकळत राहिल्याने पावलांना सूज येते. मधुमेही व्यक्तींनी तर जेवणानंतर बसून राहणे टाळावेच.

खेळताना हे पाळा

१. एका बैठकीला अर्धा तास पुरे. मग उठून घरातच पाच मिनिटे चाला.
२. पडदा हातभर अंतरावर आणि डोळ्यांच्या रेषेपेक्षा किंचित खाली ठेवा. खिडकीचा उजेड त्यावर पडू देऊ नका.
३. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब पाहा, पापण्या मिटा-उघडा.
४. झोपण्यापूर्वीचा एक तास संगणक बंद.
५. रोज निदान अर्धा तास चाला. बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यान आहे, इतरांना जवळची बाग किंवा मैदान. शक्यतो सोबतीने चाला.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयानुसार चालते. पण तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांच्या हिशेबात गोंधळणे, पूर्वी सहज सुटणारी सोपी कोडीही न सुटणे, ही लक्षणे दिसली तर वयावर ढकलू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी मंडळींत ती बरीच आढळते), थायरॉईडचा विकार, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि वेळीच उपचार केल्यास तो पुष्कळदा सुधारतो. उलट, कोडी सुटतात म्हणून या लक्षणांकडे दुर्लक्ष करणेही चूक आहे. वर्षानुवर्षांच्या सवयीची कामे आजाराच्या सुरुवातीला टिकून राहू शकतात.

सुडोकू या जपानी नावाचा मथितार्थ 'अंक एकटाच असावा' असा आहे. अंकाचे ठीक आहे, माणसाने मात्र एकटे असू नये. आज घरी गेल्यावर आजोबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि एक कोडे दोघांनी मिळून सोडवा. तुमचे बोलणे त्यांना नीट ऐकू येते की नाही, हेही त्यातच कळेल.