सुकाणूवर किती जोर येतो?

जहाज कागदावर असतानाचा अंदाज

रडर स्टॉकची (सुकाणू ज्यावर फिरते त्या दांड्याची) जाडी आणि स्टिअरिंग गिअरची (तो फिरवणाऱ्या यंत्रणेची) ताकद या जोराच्या आकड्यावर ठरते, म्हणून तो आधी काढतात.

• वर्गीकरण संस्थांचे सूत्र: जोर (न्यूटन) = १३२ × पात्याचे क्षेत्रफळ (चौ. मी.) × वेगाचा (नॉट) वर्ग × तीन गुणांक. हे गुणांक पात्याच्या उंची-रुंदीचे प्रमाण, छेदाचा आकार आणि प्रॉपेलरच्या झोतातली जागा यांचे.

• उदाहरण: पाते २० चौ. मी., वेग १५ नॉट, उंची रुंदीच्या दीडपट. गुणांक १.१७, १.१ आणि १. जोर सुमारे ७६२ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ७८ टन वजनाइतका! वेग दुप्पट झाला, तर जोर चौपट.

• जोर वेगळा, पीळ वेगळा: जोर गुणिले दाबकेंद्र ते स्टॉकचा अक्ष हे अंतर, म्हणजे पीळ. बॅलन्स्ड सुकाणूत पात्याचा काही भाग स्टॉकच्या पुढे असतो, त्यामुळे पीळ घटतो. जहाज मागे जाताना दाबकेंद्र मागच्या कडेकडे सरकते. तो पीळ स्वतंत्रपणे तपासावाच लागतो.

• सोलास (समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार): स्टिअरिंग गिअरला पूर्ण वेगात सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांवरून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत, २८ सेकंदांच्या आत वळवता आले पाहिजे.