महालातून निघा आणि ‘मग?’ विचारा

मध्य प्रदेशची पहिली राजधानी कोणती? भोपाळ म्हणालात, तर क्विझमधून बाहेर! १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत हा मान आपल्या नागपूरकडे होता. अशा प्रश्नांची मजाच वेगळी. पण रील असो की क्विझ, उत्तर कळलं की आपण पुढे सरकतो. आज जरा थांबून ‘मग?’ विचारून बघा. सुरुवात महालातून करू, मग गावभर फिरू.

लंडनहून आलेली तलवार
महालात ज्यांचा वाडा आहे, त्या भोसले घराण्यातल्या पहिल्या रघुजीराजांची तलवार २९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये लिलावात निघाली. राज्य सरकारने ती ४७.१५ लाखांना घेतली. गंमत म्हणजे तिचं पातं युरोपातलं! अशा तलवारीला ‘फिरंग’ म्हणत. पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ ही त्यांची पदवी कोरलेली आहे. मग ती लंडनला गेली कशी? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हाती लागली असावी, असा अंदाज आहे. म्हणजे आपलीच वस्तू आपण पैसे मोजून घरी आणली.

अंगाईतला ‘बर्गी’
बंगालमधल्या एका जुन्या अंगाईत ‘बर्गी’ येण्याची भीती आहे. हे बर्गी कोण? आपले बारगीर! स्वतःचा घोडा असलेला स्वार तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. १७४२ मध्ये याच रघुजींचे भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये शिरले. धास्तीपोटी कलकत्त्यात खंदक खणायला घेतला गेला, तोच ‘मराठा डिच’. मग? १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला १२ लाखांची चौथाई मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण ज्यांची गावं लुटली गेली, त्यांनी हीच गोष्ट अंगाईत जपली. हॉस्टेलमध्ये कुणी बंगाली रूममेट असेल, तर त्याची बाजूही ऐका.

मॉलच्या नावातली राणी
महालाला लागून गांधीसागर, म्हणजे जुना जुम्मा तलाव. त्याच्याजवळच्या एम्प्रेस मॉलला हे नाव कशावरून? १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया राणी ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ म्हणून जाहीर झाली. त्याच दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. जमिनीत सोनं पुरणाऱ्या माणसाला पैसे देणार नाही, असं म्हणून एका सावकाराने त्यांना नकार दिल्याचा किस्सा सांगतात. मग? याच मिलने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. पहिलं ऑफर लेटर हातात येईल, तेव्हा हे आठवा.

कॉलेज न पाहिलेले हिस्लॉप
हिस्लॉप कॉलेज कोणाला माहीत नाही? पण हे स्टीफन हिस्लॉप मिशनरी असूनही दगडांच्या मागे लागलेले होते, हे माहीत होतं? टाकळीजवळ त्यांना लाव्हाच्या थरांमध्ये जीवाश्म सापडले. हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले त्या काळातला. ‘हिस्लोपाइट’ हे खनिजही त्यांच्याच नावाचं. मग? १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना ते पुरात बुडाले. कॉलेज सुरू झालं १८८३ मध्ये!

एका दिवसात दोन विक्रम
३१ ऑक्टोबर १९८७, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान, वर्ल्ड कपची मॅच, समोर न्यूझीलंड. चेतन शर्माने सलग तीन बॉलवर तिघांच्या दांड्या उडवल्या. वर्ल्ड कपमधली ही पहिली हॅटट्रिक. त्याच दिवशी गावस्करांनी ८८ बॉलमध्ये नाबाद १०३ धावा काढल्या, त्यांच्या वनडे कारकिर्दीतलं एकमेव शतक. मग? चेतन शर्मा म्हटलं, की आजही लोकांना आठवतो तो १९८६ चा शारजातला मियांदादचा सिक्स. एका बॉलवरून माणसाला मोजायचं का, तुम्हीच ठरवा.

आता तुमची पाळी. तुमच्या गल्लीच्या, चौकाच्या, कॉलेजच्या नावामागे काय आहे, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. उत्तर मिळालं, की लगेच फॉरवर्ड करू नका. आधी विचारा, मग?